पेटी दक्षिणेला, घर उत्तरेला

मित्रांनो, मी एक जुनी पत्रपेटी आहे. जाड पत्र्याची, गोल पाठीची, तोंडाला झाकण आणि उजव्या कुशीला लाल निशाण असलेली. माझा रंग उडाला आहे, कडांना गंज चढला आहे आणि गारपिटीचे पोचे अंगभर आहेत. हे सगळे मी लाजून सांगत नाही. गेल्या वसंतात माझ्यावर असा आरोप झाला की माझ्यामुळे एका मुलीचे शिक्षण बुडणार. मला उपटून टाकायचेही ठरले होते. मी आजही जिथल्या तिथे उभी आहे, आणि का उभी आहे ते तुम्हाला ऐकावे लागेल.

आमचा रस्ता खडीचा आहे. त्याच्या उत्तरेच्या चरापलीकडे नेब्रास्का राज्य आणि दक्षिणेच्या चरापलीकडे कॅन्सस राज्य. माझ्या मालकांचे, होलूबांचे, घर उत्तरेला, रस्त्यापासून शंभर पावलांवर. मी मात्र दक्षिणेला. कुणी म्हणेल, घर एका राज्यात आणि पेटी दुसऱ्या राज्यात, हा काय वेडेपणा? वेडेपणा नाही. आमची टपाल गाडी हार्लो गावाहून येते, ते गाव कॅन्ससमध्ये आहे. गाडी पूर्वेकडे जात जात उजव्या हाताच्या पेट्यांत पत्रे टाकते आणि पुढे निघते. पोस्टमन कुणासाठी रस्ता ओलांडत नाही. रस्ता माणसांनी ओलांडायचा. म्हणून उत्तरेकडच्या प्रत्येक घराची पेटी दक्षिणेला आहे, आणि आमच्याकडे याचे कुणाला काही वाटत नाही.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. एक मोठा दणका बसला आणि सपाट पत्र्याला पाठ फुटली, एवढेच. पुढे मी हार्लोच्या पशुखाद्याच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यांवर टांगलेली होते. तिथे एक दिवस ऑलेटा आली. तिच्या लग्नाला जेमतेम चार दिवस झाले होते. दुकानदाराने माझ्या शेजारणीला खाली काढले, तर ऑलेटाने तिचे झाकण दोनदा उघडून पाहिले आणि म्हणाली, "ही नको. हिचं तोंड आताच सैल आहे. ती द्या." ती म्हणजे मी. आयुष्यातले माझे हे पहिले कौतुक.

तिचा नवरा लंबर्ट याने भर ऑगस्टात, दगडासारख्या जमिनीत खड्डा खणला आणि कुंपणाच्या लाकडाचा खांब रोवला. ते लाकूड इतके कठीण की त्यात खिळा जात नाही, आधी भोक पाडावे लागते. माझ्या कुशीवर त्याने पांढऱ्या रंगाने 'होलूब' लिहिले. पहिली अक्षरे मोठी झाली आणि शेवटच्याला जागा उरली नाही, म्हणून ते घसरून खाली गेले. ऑलेटा हसली. लंबर्ट म्हणाला, "वाचता येतंय ना? मग झालं."

त्यानंतर मी त्रेचाळीस वर्षे काम केले. बियाण्यांची पुस्तके, लग्नाची आमंत्रणे, भावाबहिणींची पत्रे, विजेची बिले, सगळे मी पोटात घेतले. वसंतात कोंबडीची पिल्ले टपालाने येत. ती खोक्यातून चिवचिव करत, आणि खोके माझ्यात मावत नसे म्हणून पोस्टमन ड्वेन भोंगा वाजवत बसे. नाताळच्या आधी ऑलेटा माझ्यात कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, ठेवी आणि निशाण वर करी; आत न्यायला काही आहे, अशी ती पोस्टमनला खूण. ड्वेन गाडी थांबवून, हातमोजे काढून, तिथेच एक खाऊन टाकी. "या रस्त्यावर एवढी एकच पेटी आहे," तो म्हणे, "जी मला पण काही देते."

उपेक्षाही वाट्याला आली. हार्लोच्या पोरांनी धावत्या गाडीतून दोनदा माझ्यावर बॅट मारली. बर्फ ओढणाऱ्या यंत्राने एकदा मला खांबासकट चरात लोळवले. मग ती मोठी गारपीट झाली आणि माझा तळ गंजून चाळणीसारखा झाला. पत्रे भिजू लागली. लंबर्ट म्हणाला, "नवी घेऊन टाकू." ऑलेटा म्हणाली, "तुझे गुडघे पण गेलेत, मी नवीन नवरा आणला का?" तिने कोठारातून एक फळी कापून आणली आणि माझ्या तळावर बसवली. लंबर्टने तिच्यातून चार स्क्रू आरपार खांबाच्या आडव्या लाकडात पिळले. या फळीकडे लक्ष असू द्या, मित्रांनो. पुढची सगळी गोष्ट तिच्याखाली आहे.

त्याच वर्षी रेना आली. लंबर्टच्या मुलाची मुलगी, दोन वर्षांची. तिचे आईवडील एका अपघातात गेले होते आणि आजीआजोबांनी तिला रीतसर दत्तक घेतले होते. ऑलेटा तिला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि माझे निशाण तिच्या हातात दिले. तिने ते वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. त्या दिवशी ड्वेन उगाच थांबला, कारण निशाण वर आणि आत काहीच नाही. पुढे कित्येक महिने हाच खेळ चालला आणि तो बिचारा रोज थांबत राहिला.

रेना पाच वर्षांची झाली तेव्हा शाळेचा प्रश्न आला. आमच्या बाजूची नेब्रास्कातली शाळा मुले नाहीत म्हणून केव्हाच बंद पडली होती. दुसरी होती ती चाळीस मैलांवर. हार्लोची शाळा सात मैलांवर होती आणि तिची पिवळी बस माझ्यासमोरून जात होती. तेव्हा रेना हार्लोला जाणार हे कुणी ठरवावेही लागले नाही. ऑलेटाने अर्ज केला. ऑगस्टात त्याचे उत्तर माझ्यात येऊन पडले.

ऑलेटाने ते माझ्यापाशीच उभ्याउभ्या फोडले. वाचताना तिचा चेहरा लाल झाला. मग ती मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "परराज्यातील विद्यार्थिनी. पाच वर्षांच्या पोरीला हे असं लिहितात? एका वर्षापुरतं घेतो म्हणे, मेहेरबानी." तिने मागे वळून घराकडे पाहिले. रेना पायरीवर बसून नव्या दप्तराची चेन उघडझाप करत होती. ऑलेटा म्हणाली, "हे घरात न्यायचं नाही." तिने फळीची पुढची सैल कड उचलली, पत्राची घडी केली आणि फळीखाली सरकवली.

पुढच्या ऑगस्टात तसेच पत्र आले. त्याच्या पुढच्याही. शाळेला दरवर्षी नव्याने परवानगी द्यावी लागे आणि ऑलेटा दरवर्षी ती फळीखाली दडवी. तिने शाळेच्या मुख्याध्यापकांनाही बजावून ठेवले होते की माझ्या नातीला कुणी परकी म्हणायचे नाही, तिच्या तोंडावर तर नाहीच. ते शब्दाला जागले. रेना हार्लोच्या शाळेत चिली हे राजम्याचे तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल खात, हार्लोच्या संघातून व्हॉलीबॉल खेळत मोठी झाली, आणि आपण कुठल्या राज्याच्या हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. तेरा वर्षांत तेरा पत्रे जमली. शेवटचे आले तेव्हा फळी इतकी वर आली होती की ऑलेटाला ती तळहाताने दाबून बसवावी लागली.

गेल्या जानेवारीत ऑलेटा गेली. तो आठवडाभर मी इतकी भरलेली होते की माझे झाकण लागत नव्हते. सगळी सांत्वनाची कार्डे. लंबर्ट ती काढायला येई, पण सगळी काढत नसे. चारदोन घेई आणि परत जाई. मला वाटते त्याला उद्या पुन्हा येण्याचे कारण हवे होते. मला तिची फार आठवण येते. तिच्या हाताची बोटे थंड असत आणि ती माझे झाकण कधी आपटत नसे.

घरातले कागद सगळे तीच बघायची. त्यामुळे कॉलेजचा अर्ज रेनाने एकटीने भरला. तिला गुरांच्या दवाखान्यातले काम शिकायचे होते. अडलेल्या गाईला मोकळे करताना मी तिला कधी पाहिले नाही, पण गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीतून उतरताना कोपरापर्यंत माखलेले तिचे हात आणि तोंडावरचा आनंद पाहिला आहे. ते शिक्षण नेब्रास्कातल्या कॉटनवुड कॉलेजात होते. राज्यातल्या मुलांना एक फी, बाहेरच्यांना अडीच पट. राज्यातल्यांची फी आजोबा, शिष्यवृत्ती आणि उन्हाळ्यातली नोकरी मिळून भागणार होती. अडीच पट भागणार नव्हती. म्हणजे रेना राज्याची ठरली तर शिकणार, नाही तर नाही.

आता चूक कुठे झाली ते ऐका. अर्जात विचारले होते, कायमचा पत्ता. रेनाने माझा पत्ता लिहिला: होलूब, पेटी क्रमांक अमुक, हार्लो, कॅन्सस. आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस पेटीचाच पत्ता सांगतो. पत्र जिथे येते तो पत्ता. राहता कुठे असे कुणी विचारले तर सांगायचे, कोपऱ्यावर वळा, उत्तरेला पांढरे घर, कुत्रा चावत नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असावे लागते हे आमच्या रस्त्यावर कुणाला ठाऊकच नव्हते.

एप्रिलमध्ये कॉलेजचे उत्तर आले. रेनाने ते माझ्यापाशी उघडले आणि आधी ती हसली. लंबर्ट चरापलीकडे कुंपणाची तार ओढत होता.

"आजोबा," ती ओरडली, "आपण कॅन्ससला राहतो म्हणे."

"कधीपासून?"

"हे तर त्यांनी लिहिलं नाही."

"मग विचार जाऊन. मला पण कळू दे."

ती गेली. परत आली तेव्हा हसत नव्हती. ड्वेन आला तर ती माझ्या खांबाला टेकून बसलेली. त्याने इंजिन बंद केले. एरवी तो कधी करत नाही.

"काय झालं गं?"

"तिथे एक कारकून आहे ड्वेनकाका. त्याला मी आजोबांचा शेतसारा दाखवला. तो म्हणाला, शेत इकडे असेल, राहता तिकडे. असे खूप जण आहेत. वीजबिल दाखवलं, ते हार्लोच्या वीजसंस्थेचं. शाळेचा दाखला हार्लोचा. मग मी माझं लायसन्स काढलं. वर नेब्रास्का लिहिलंय आणि खाली पत्ता कॅन्ससचा. ते पाहून त्याने चष्माच काढून ठेवला."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, मॅडम, आधी तुम्ही स्वतः ठरवा तुम्ही कुठे राहता."

ड्वेनने टोपी मागे सरकवली. "बावीस वर्षं मी या रस्त्यावर गाडी चालवतोय. पत्र घ्यायला तू उत्तरेकडून येतेस आणि उत्तरेकडे जातेस. दक्षिणेकडून या पेटीपाशी येतं ते फक्त तुमच्या शेजारच्या फर्नबाईंचं वासरू."

"हे त्याला कोण सांगणार?"

"मी सांगतो. लिहून देतो. पण त्यांना कागद हवा ना, ज्याच्यावर कुणाचा तरी शिक्का आहे."

मित्रांनो, तुम्हाला कळते आहे ना माझी अवस्था? शिक्क्यांचे तेरा कागद माझ्या पोटात होते आणि ती मुलगी माझ्याच खांबाला टेकून डोळे पुसत होती. वारा आला तसे मी झाकण जेवढे वाजवता येईल तेवढे वाजवले. रेनाने न बघता हात वर करून ते बंद केले. पत्र्याचे कुणी ऐकत नाही.

पुढच्या आठवड्यात दोन उपाय निघाले. पहिला फर्नबाईंचा. त्या आमच्या दक्षिणेच्या शेजारीण, कॅन्ससच्या, मनाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. आपली पत्रे घ्यायला आल्या होत्या, त्यांची पेटी माझ्या डाव्या बाजूला आहे.

"सरळ माझ्या घराचा पत्ता दे," त्या म्हणाल्या. "वरची खोली तुझी म्हणून सांगते. कॅन्ससच्या कॉलेजात जा, कॅन्ससची फी भर. कुणी विचारलं तर मी बघून घेते."

"पण मी तिथे राहत नाही काकू."

"तू लहानपणी माझ्याकडे निम्मा दिवस असायचीस."

"म्हणजे मी खोटं बोलून कॅन्ससची व्हायचं, आणि नेब्रास्कावाले म्हणतात तेच खरं करून दाखवायचं. नाही. मला तुमची खोली नको, माझं घर पाहिजे."

फर्नबाई रागावल्या नाहीत. "अगदी आजीवर गेलीस," एवढे म्हणाल्या आणि आपले झाकण आपटून गेल्या.

दुसरा उपाय लंबर्टचा. तो पहार आणि पाना घेऊन रस्ता ओलांडून आला तेव्हाच मी काय ते समजले. कॉलेजचा नियम असा होता की वर्ग सुरू होण्याच्या आधी सलग बारा महिने राज्यात राहिल्याचा पुरावा हवा. उत्तरेला तीन मैलांवरून दुसऱ्या टपाल गाडीचा रस्ता जातो, तो नेब्रास्कातल्या गावाचा. लंबर्टने ठरवले की पेटी तिकडे न्यायची, तिथला पत्ता घ्यायचा आणि एक वर्ष थांबायचे.

"तीन मैल कोण जाणार पत्रं आणायला?" रेनाने विचारले.

"मी. मला दुसरं काम काय आहे?"

"तुमचे गुडघे?"

"गुडघे गाडीत बसतात."

"आणि मी वर्षभर काय करायचं?"

"थांबायचं. एक वर्ष म्हणजे काय मोठं."

रेनाने त्याच्या हातातली पहार काढून घेतली. "आजोबा, सोळा वर्षं मी त्या घरात झोपते. त्या अंगणात माझा दात पडला, त्या टेकाडावर आपण आजीला ठेवून आलो. आता मी कुणाला तरी दाखवायला वर्षभर तिथे राहायचं, आणि मग ते म्हणणार, या, आता तुम्ही इथल्या झालात? मी नाही थांबणार. मी चुकीचं काही केलेलं नाही. पेटीने पण नाही."

पेटीने पण नाही. त्रेचाळीस वर्षांत माझी बाजू अशी कुणी घेतली नव्हती.

"मग करणार काय?" लंबर्ट म्हणाला.

"अपील करता येतं. मंगळवारी समिती बसते. मी जाणार, आणि हिला घेऊन जाणार."

"कुणाला?"

"हिला. मी या पेटीत राहते असं त्यांचं म्हणणं आहे ना? मग त्यांनी बघावं मी हिच्यात मावते का."

लंबर्टने पाना खाली ठेवला. मग खिशातून स्क्रू काढायचे हत्यार काढले, तिच्या हातात दिले आणि म्हणाला, "डावीकडचा मागचा घट्ट आहे. जपून."

सोमवारी दुपारी तिने मला उघडले. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. डावीकडचा मागचा खरेच घट्ट होता, त्याने तिची दोन बोटे सोलली. तो निघाला आणि फळी आपसूक वर उचलली गेली, खालून कुणी ढकलावी तशी. रेनाने ती बाजूला काढली. खाली तेरा घड्या होत्या, खालच्या पिवळ्या पडलेल्या आणि गंजाने कडा खाल्लेल्या, वरच्या अजून पांढऱ्या.

तिने सर्वांत वरची उघडली. हार्लोच्या शाळेचा शिक्का, गेल्या ऑगस्टची तारीख. तिने मोठ्याने वाचले: "सदर विद्यार्थिनी नेब्रास्का राज्याची रहिवासी असल्याने तिला परराज्यातील विद्यार्थिनी म्हणून एका वर्षापुरता प्रवेश देण्यात येत आहे."

मग दुसरी उघडली, तिसरी उघडली. प्रत्येकीत वर्ष बदललेले आणि वाक्य तेच. लंबर्ट सावकाश रस्ता ओलांडून आला. त्याने एक पत्र हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले.

"हे तुम्हाला माहीत होतं?" रेनाने विचारले.

"सही कर म्हणायची, मी करायचो. उत्तर आलं का विचारलं की म्हणायची, आलं." त्याने पत्राची पुन्हा घडी घातली. "तुला कळू नये म्हणून इथे ठेवलं तिने. तुला परकी म्हटलेलं तिला घरात नको होतं."

रेना खडीत खाली बसली आणि रडली. आजी गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मीही रडले असते, पण माझा तळ चाळणीचा, माझ्यात पाणी टिकत नाही.

मंगळवारी माझ्या जागी लंबर्टने खांबाला दुधाची बादली बांधली, ड्वेनची सोय म्हणून, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रस्ता ओलांडला. मला गाडीच्या पुढच्या सीटवर रेना आणि लंबर्ट यांच्या मधे बसवले होते आणि पट्टाही लावला होता.

कॉटनवुडच्या त्या खोलीत लांब टेबल होते. मधे अध्यक्षबाई, एका बाजूला टाय लावलेले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला तो कारकून. रेनाने मला टेबलावर ठेवले. माझ्यातून थोडी खडी आणि एक मेलेली गांधीलमाशी पडली. कारकुनाने आपले कागद मागे ओढले.

"हे काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"माझा कायमचा पत्ता," रेना म्हणाली. "तुमच्या पत्राप्रमाणे मी इथे राहते."

टायवाले गृहस्थ हसणार होते, पण बाईंकडे पाहून थांबले. मग रेनाने ड्वेनचे सहीचे पत्र दिले आणि त्यापुढे ती तेरा पत्रे वर्षवार मांडली. टेबलाची एक बाजू भरली. बाईंनी चष्मा लावून पहिले वाचले, मधले एक वाचले आणि शेवटचे वाचले.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुम्ही कॅन्ससच्या नाही असं कॅन्ससमधली शाळा तेरा वेळा लिहून देते."

"हो. आणि नेब्रास्काची आहे असंही. त्याच ओळीत."

टायवाले म्हणाले, "पण एक प्रश्न राहतो. ही शाळा काही आपल्या राज्याची नाही. आपल्या राज्यातल्या कुणाचा असा कागद आहे का?"

रेनाने हात टेबलावर ठेवले. सोललेल्या बोटांवर पट्ट्या होत्या. "साहेब, तिथे दोनच राज्यं आहेत. एकाने म्हटलंय मी त्यांची नाही. मग उरलं कोण? रस्त्यात तर मी राहत नाही. तिथे ट्रक जातात. माझ्या आजीने ही पत्रं माझ्यापासून लपवली, कारण तिला वाटायचं मला परकी म्हटलेलं मी ऐकू नये. ती गेली आणि तीन महिन्यांनी तेच तुम्ही मला कळवलंत, माझ्याच राज्याने. तिकडच्यांनी निदान दरवर्षी शाळेत तरी घेतलं."

कारकून खाली बघू लागला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याच्यापुढे कागद आला तसा त्याने वाचला. पण तो आमच्या रस्त्यावर कधी आला नव्हता, एवढेच.

बाईंनी माझे झाकण उघडले, आत पाहिले आणि बंद केले. आपटले नाही. "निर्णय टपालाने कळवू," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "कुठल्या पत्त्यावर?"

रेनाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "याच."

संध्याकाळी लंबर्टने मला पुन्हा खांबावर बसवले. फळी घातली, स्क्रू पिळले. पत्रे मात्र त्याने फळीखाली ठेवली नाहीत. ती छातीशी धरून तो रस्ता ओलांडून घरात घेऊन गेला. पोट रिकामे झाल्याने त्या दिवसापासून मी वाऱ्यात जरा जास्त खडखडते.

उत्तर आले जूनमध्ये. ड्वेनने लिफाफा माझ्यात ठेवला आणि गाडी पुढे नेलीच नाही. शेजारच्या पेटीत काहीतरी शोधत असल्याचे सोंग करत राहिला. रेना धावत आली. लिफाफ्यावर माझा पत्ता होता: होलूब, हार्लो, कॅन्सस. तिने तो फाडला. आतल्या कागदावर लिहिले होते की अपील मान्य करण्यात आले असून विद्यार्थिनी नेब्रास्का राज्याची रहिवासी आहे.

लंबर्ट उत्तरेला पायरीवर उभा होता. "काय म्हणतायत?" त्याने विचारले.

रेनाला बोलताना दम लागत होता. "आपण घरीच राहतो म्हणे."

"बरं झालं कळलं," लंबर्ट म्हणाला आणि टोपीने तोंड झाकून घेतले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हातारी वस्तू हात जोडून काहीतरी मागते. मला हात नाहीत आणि असते तरी मी जोडले नसते. रंग द्यायचा तर द्या, बिजागरीला तेल घाला, बॅट मारू नका. पण मला हलवू नका. मी चुकीच्या जागी उभी नाही. आणि पेटीवरचा पत्ता वाचून माणूस कुठला ते ठरवू नका. खरेच जाणून घ्यायचे असेल तर गाडी थांबवा, रस्ता ओलांडा आणि दार वाजवा. कुत्रा चावत नाही.

रेना ऑगस्टात कॉलेजला गेली. दर आठवड्याला तिचे पत्र येते, फोन असूनही, कारण आजोबांना रस्ता ओलांडायला कारण हवे हे तिलाही कळले आहे. परवाचे पत्र लंबर्टने माझ्यापाशीच उघडले. मग खिशातून तांबडा रंग आणि बारका कुंचला काढला, माझे निशाण पुसून रंगवले आणि ते वाळेपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला.